एका ‘न’चा प्रश्न: ठाऊक असूनही की ठाऊक नसूनही?

काकपद

मी मुद्रितशोधनाचं काम करते. सध्या महाभारताच्या एका गद्य भाषांतराची प्रुफं माझ्याकडे आहेत. मागच्या मंगळवारी रात्री मी सभापर्वाच्या शेवटाशी पोचले होते. पहिलं द्यूत आटोपलंय, द्रौपदीमुळे सगळं परत मिळालंय, पांडव घरच्या वाटेला लागलेत. तेवढ्यात मागून निरोप्या गाठतो. धृतराष्ट्राने परत बोलावलंय, आणखी एक डाव. यावर युधिष्ठिर जे बोलतो ते प्रुफात असं छापलं होतं:

‘यातून विनाश ओढवणार हे ठाऊक नसूनही मला हे बोलावणं मोडवत नाही.’

मुळात ‘जानन्नपि क्षयकरम्’ आहे. म्हणजे ठाऊक असूनही. जुळणी करताना एक ‘न’ जादा पडला होता. मी तो काटला, समासात खूण केली, पान उलटलं. साडेअकरा वाजले होते. आता झोपायचं म्हणून दिवा मालवला आणि फोन हातात घेतला.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण त्याशिवाय प्रश्न नीट मांडता येणार नाही. मी फोनवर बुद्धिबळ खेळते, एका मिनिटाचे डाव, ज्याला बुलेट म्हणतात. पैसे नाहीत, पैज नाही, समोर कोण आहे हेही माहीत नाही. त्या रात्री माझं रेटिंग १४१२ होतं. पहिला डाव हरले, दुसरा हरले. मग ठरवलं की १४०० वर परत आले की बंद. पावणेतीनला फोन ठेवला तेव्हा १२६३ होतं. मधल्या एका डावात माझ्याकडे वजीर जादा होता, दोन खेळ्यांत मात होती आणि घड्याळ संपलं. त्यानंतरचे किती डाव खेळले ते आठवत नाही. एकही डाव मजेत खेळले नाही, हे मात्र स्पष्ट आठवतंय. अंगठा दुखत होता. दर डावाआधी मला माहीत होतं की आता मी वाईट खेळणार आहे. *माहीत होतं.*

सकाळी ते प्रूफ परत पाहिलं आणि त्या काटलेल्या ‘न’वर नजर अडकली. कारण ‘न’ ठेवला तर ते वाक्य सॉक्रेटिसचं होतं! प्लेटोच्या ‘प्रोटागोरस’ या संवादात तो म्हणतो की जाणूनबुजून कुणी वाईट करत नाही. जो करतो त्याला खरं कळलेलंच नसतं. लोकांना वाटतं ज्ञान हे गुलामासारखं असतं, राग, सुख, भीती कुणीही त्याला फरफटत न्यावं. सॉक्रेटिसला हे मान्य नाही. त्याच्या हिशेबाने युधिष्ठिराला आणि मला, दोघांनाही ठाऊक *नसूनही* असंच म्हटलं पाहिजे. ‘न’ काढला की वाक्य व्यासांचं. एका अक्षराने तत्त्वज्ञान बदलतं, आणि मी ते अक्षर चूक म्हणून काटून टाकलं.

तेव्हापासून जुगाऱ्यांच्या मागे लागले आहे. मला सापडलेले तिघे मांडते.

पहिला ऋग्वेदातला, दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त. याला नाव नाही. तो म्हणतो, आता मी खेळणार नाही असं मनाशी ठरवतो, खेळायला निघालेल्या मित्रांच्या मागे राहतो. पण पटावर टाकलेले ते तपकिरी फासे आवाज करतात, आणि संकेतस्थळी निघालेल्या अभिसारिकेसारखा मी त्यांच्याकडे जातो. (फासे म्हणजे बेहड्याची फळं.) पुढे तो फाशांबद्दल म्हणतो की हात नसून ते हात असलेल्याला नमवतात, आणि स्पर्शाला थंड असून काळीज जाळतात. फोनच्या काचेबद्दल यापेक्षा चांगलं कुणी लिहिलेलं मला माहीत नाही.

दुसरा युधिष्ठिर.

तिसरा दस्तयेवस्कीच्या ‘जुगारी’ कादंबरीतला अलेक्सेई. खुद्द लेखकच रुलेटच्या टेबलावर वर्षानुवर्षं बुडत होता. १८६६ साली प्रकाशकाच्या मुदतीत सापडल्यावर त्याने ही कादंबरी एका लघुलेखिकेला २६ दिवसांत सांगून लिहून घेतली. (पुढे तिच्याशीच लग्न केलं.) त्याच्या तीन वर्षं आधीच्या एका पत्रात हाच माणूस नातलगाला जिंकण्याचं गुपित कळवतो: काही नाही, फक्त क्षणोक्षणी स्वतःवर ताबा ठेवायचा आणि चेकाळायचं नाही. गुपित बरोबर होतं. तो हरत राहिला.

प्रश्न असा: या तिघांना एकच रोग आहे का? की ‘कळतं पण वळत नाही’ एवढी एक म्हण हाताशी आहे म्हणून आपण तीन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरतो? तत्त्वज्ञान किंवा मानसशास्त्र वाचलेल्यांनी सांगावं. ‘अ‍ॅप काढून टाका’ हा सल्ला बहिणीने दिलेला आहे, तो नको.

---

हत्तीघोडा

ताई, आधी एक हरकत. बुद्धिबळाला जुगाराच्या रांगेत बसवू नका राव. फासे कुठे आहेत त्यात? शकुनीसमोर धर्मराजाला काही चान्सच नव्हता, तुम्हाला दर डावात होता.

बाकी तुम्हाला जे झालं त्याला आमच्यात टिल्ट म्हणतात. पोकरवाल्यांचा शब्द आहे, बुलेटवाल्यांनी उचलला. वजीर जादा असताना घड्याळावर हरलात ना, तिथून पुढचे सगळे डाव तुम्ही त्या एका डावाशी खेळत होता. समोरचा माणूस दर वेळी बदलत होता, तुमच्यासाठी तो एकच होता. आमच्या ग्रुपात नियम आहे की सलग तीन हरलात की बंद. पाळत कुणीच नाही, पण नियम आहे.

---

अनुस्वार

धागालेखिकेने सॉक्रेटिसला पकडलं आणि अ‍ॅरिस्टॉटलला सोडून दिलं, म्हणून हा प्रतिसाद.

‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या सातव्या पुस्तकात नेमका हाच वाद आहे. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, सॉक्रेटिसचं म्हणणं उघड दिसणाऱ्या गोष्टींशी जुळत नाही. माणसं जाणूनही चुकतात, रोज चुकतात. मग प्रश्न ‘जाणत होता की नव्हता’ असा न विचारता ‘कशा तऱ्हेने जाणत होता’ असा विचारा. झोपलेल्या भूमितीकाराला भूमिती येते की नाही? दारू प्यालेला माणूस एम्पेडोक्लीस या कवी-तत्त्वज्ञाच्या ओळी घडाघडा म्हणतो, त्याला त्या ‘येतात’ का? नुकतं शिकायला लागलेलं पोर वाक्यं जुळवून म्हणतं, पण ती अजून त्याच्या अंगात मुरलेली नसतात. मोहाच्या क्षणी माणसाचं ज्ञान तसं असतं. तोंडात असतं.

तुम्ही म्हणता ‘दर डावाआधी माहीत होतं’. मी म्हणेन, तुम्ही दर डावाआधी ते *म्हणत* होता. तुमच्या प्रुफाच्या भाषेत सांगायचं तर ‘असूनही’ आणि ‘नसूनही’ दोन्ही अपुरे आहेत. त्या ‘ठाऊक’ शब्दावरच प्रश्नचिन्ह हवं.

आणि तिघांना एक रोग नाही. अ‍ॅरिस्टॉटल दोन प्रकार करतो: एक दुबळा, जो विचार करून ठरवतो आणि ठरवलेल्यावर टिकत नाही. दुसरा उतावळा, जो विचार करायला थांबतच नाही. वेदातला तो दुबळा आहे, कारण त्याने ठरवलं होतं. अलेक्सेई उतावळा. युधिष्ठिर दोन्हींत बसत नाही, कारण त्याला मोह झालेलाच नाही. त्याला ज्येष्ठांची आज्ञा आहे आणि आव्हान आलं तर मागे फिरायचं नाही असं त्याचं व्रत आहे. तो नियम पाळतोय. नियम वाईट असेल, पण त्याला व्यसनी म्हणणं म्हणजे संचलनात चालणाऱ्या शिपायाला नाचरा म्हणण्यासारखं.

---

परिशिष्ट

अनुस्वार यांचा प्रतिसाद आवडला, पण युधिष्ठिराची बाजू घेताना ते सभापर्वावरच थांबले. पुढचं पर्व उघडा.

व्रत आहे हे खरं. ‘आहूतो न निवर्तेयम्’, बोलावलं तर मी माघार घेणार नाही, असं तो पहिल्या द्यूताआधीच शकुनीला सांगतो. पण वनपर्वात, अरण्यात गेल्यावर, भीम त्याला वाट्टेल ते बोलतो, आणि तेव्हा धर्मराज जे कबूल करतो ते फार कमी लोकांच्या लक्षात असतं. तो म्हणतो, मी फासे हातात घेतले ते धृतराष्ट्राच्या मुलाचं राज्य त्याच्याकडून काढून घ्यायच्या इच्छेने. ‘जिहीर्षन्’ हा शब्द आहे. हिरावून घेऊ पाहणारा. झालं का? व्रताच्या मागे हाव होती, आणि तो स्वतःच ते सांगतो, भावाला, खूप उशिरा.

त्याच्या थोडा पुढचा श्लोक तर काकपद ताईंच्या रात्रीचाच आहे. शकुनीचे फासे त्याच्या मनाप्रमाणे पडताहेत, सम हवे तर सम, विषम हवे तर विषम, हे मला दिसत होतं. तेव्हा मनाला आवरणं शक्य होतं. पण ‘मन्युस्तु हन्ति पुरुषस्य धैर्यम्’. मन्यू माणसाचं धैर्य मारून टाकतो. मन्यूला साधा राग म्हणू नका, डिवचला गेल्यावर आतून उसळतो तो. धैर्य म्हणजे शौर्य नव्हे, स्थिरपणा. हत्तीघोडा ज्याला टिल्ट म्हणतात तो हाच असावा, मला त्या खेळाची माहिती नाही.

आता हे ध्यानात ठेवून सभापर्वातला क्रम पुन्हा वाचा. धन, रथ, हत्ती, गाई गेल्या. मग नकुल, मग सहदेव. इथे शकुनी काय म्हणतो? ‘माद्रीची मुलं तर झाली, भीम आणि अर्जुन तुला जास्त प्रिय दिसतात.’ बस. एवढंच वाक्य. युधिष्ठिर चिडतो, आमच्यात फूट पाडतोस म्हणतो आणि पुढच्याच पणाला अर्जुन लावतो. मग भीम. मग स्वतः. शेवटी शकुनीच आठवण करून देतो की अजून द्रौपदी हरायची राहिलीय. शकुनीचे फासे कपटाचे होते की नव्हते यावर पिढ्यान् पिढ्या वाद झाले. त्याच्या जिभेकडे कुणी पाहिलं नाही. फाशांपेक्षा ती जास्त मोजूनमापून पडते.

---

काकपद

परिशिष्ट काका (काका म्हटलं तर चालेल ना?), वनपर्वाची प्रुफं अजून आलेली नाहीत, म्हणून हे माहीत नव्हतं. ‘दिसत होतं, आवरणं शक्य होतं’ हे वाचून मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आले.

अनुस्वार, ‘तोंडात असतं’ हे लागलं. पण एक शंका. दारूड्याला शुद्धीवर आणलं की त्याला ओळींचा अर्थ कळतो. मी बुधवारी सकाळी पूर्ण शुद्धीवर होते, चूक नीट समजली होती, आणि बुधवारी रात्री पुन्हा खेळले. मग माझी नशा कधी उतरली आणि कधी चढली?

---

शून्यपहारा

मी समुपदेशनाचं काम करतो. जुगार न सुटणारी बरीच माणसं ऐकली आहेत, त्यामुळे या धाग्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. कुणाचीही हकिगत इथे सांगणार नाही.

ताई, तुमच्या मूळ लेखातलं महत्त्वाचं वाक्य युधिष्ठिराबद्दलचं नाही. ‘एकही डाव मजेत खेळले नाही’ हे आहे. बाहेरच्यांना वाटतं जुगारी मजेसाठी खेळतो. माझ्यासमोर बसलेली माणसं उलट सांगतात. १९९३ साली रॉबिन्सन आणि बेरिज या दोघांनी व्यसनाबद्दल एक मांडणी केली, तिचा गाभा असा की ‘हवं असणं’ आणि ‘आवडणं’ या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यसनात पहिली वाढत जाते, दुसरी तिथेच राहते किंवा घटते. म्हणजे न आवडणारी गोष्ट तीव्रतेने हवीशी वाटू शकते. आपल्या भाषेत दोन्हींना आपण ‘इच्छा’ म्हणून मोकळे होतो, आणि तिथे घोटाळा होतो. वेदातल्या त्या माणसाने हे फासे थंड आहेत आणि जाळतात असं एकाच दमात म्हटलं, म्हणजे त्याचा घोटाळा झालेला नव्हता.

वजीर जादा असताना हरलेल्या डावाबद्दल. २००९ साली ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी जुगाराच्या यंत्रावर ‘थोडक्यात हुकणं’ तपासलं. सपशेल हरण्यापेक्षा थोडक्यात हुकणं लोकांना जास्त अप्रिय वाटलं, आणि तरीही त्यानंतर पुढचा डाव खेळायची ओढ जास्त होती. हुकलं म्हणून वाईट वाटतं, आणि त्या वाईट वाटण्यातूनच हात पुढे जातो. त्यामुळे हत्तीघोडा यांची हरकत अर्धीच मान्य. बुद्धिबळात फासे नाहीत, पण समोर कोण येणार, तो कधी चुकणार, घड्याळ कधी दगा देणार हे तुमच्या हातात नाही. जीत अधूनमधून मिळते, अंदाज न येता मिळते. सवय जडायला एवढं भरपूर झालं.

‘१४०० वर आले की बंद’ यावर कानमन आणि त्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांचा १९७९ चा निबंध आहे. त्यात एक निरीक्षण आहे, त्याचा भावार्थ असा: झालेल्या नुकसानीशी ज्याने समेट केलेला नाही, तो एरवी कधीच न स्वीकारलेली जोखीम स्वीकारतो. तुमचं मन १४१२ वर उभं होतं. १३५० ला तुम्ही १३५० वर नव्हता, बासष्टाने खाली होता. युधिष्ठिराने भाऊ पणाला लावले तेव्हा तो भावांचा राजा म्हणून खेळत नव्हता, सकाळच्या युधिष्ठिराकडे परत जायला खेळत होता.

आता अनुस्वारांशी थोडं भांडण. अलेक्सेई उतावळा? कादंबरीचं शेवटचं पान आठवा. सगळं हरून तो बाहेर पडतो. खिशात एक गुल्डन, म्हणजे एक नाणं, सापडतं. विचार येतो, चला, जेवणापुरतं आहे. शंभरएक पावलं जातो. थांबतो. *परत फिरतो.* ते गुल्डन लावतो आणि १७० गुल्डन घेऊन बाहेर पडतो. शंभर पावलं चाललेला माणूस उतावळा कसा? त्याने विचार केला होता, आणि विचार हरला. त्याला सगळ्यात जास्त नुकसान झालं ते त्या दिवशी जिंकल्याने. कादंबरी ‘उद्या, उद्या सगळं संपेल’ यावर संपते. माझ्या कामात हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की पहिल्यांदा वाचताना पुस्तक मिटून ठेवलं होतं.

---

अनुस्वार

शंभर पावलं मान्य. उतावळा मागे घेतो.

ताईंच्या शंकेला उत्तर: अ‍ॅरिस्टॉटलही तिथे हात वर करतो. नशा कशी उतरते ते शरीरशास्त्राच्या जाणकारांना विचारा म्हणतो. २३०० वर्षांनी शून्यपहारा ते काम करताहेत.

पण परिशिष्टांच्या ‘मन्यू’वरून त्याच पुस्तकातली एक जागा आठवली, ती आता युधिष्ठिराला चपखल बसते. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, वासनेपुढे हरण्यापेक्षा रागापुढे हरणं कमी लाजिरवाणं, कारण राग निदान बुद्धीचं ऐकतो, फक्त चुकीचं ऐकतो. जसा घाईचा नोकर हुकूम पुरता ऐकायच्या आत धावत सुटतो आणि भलतंच करून येतो. किंवा कुत्रा, दारावर टकटक झाली की आलेला ओळखीचा आहे का हे न बघताच भुंकतो. ‘अर्जुन तुला जास्त प्रिय’ ही टकटक होती.

म्हणजे माझा शिपाई गेला. त्याच्या जागी कुत्रा आला. धर्मराजाच्या गोष्टीत कुत्रा पुढे यायचाच आहे म्हणा.

---

हत्तीघोडा

गीतेत अर्जुनाने डायरेक्ट हाच प्रश्न विचारलाय ना? शाळेत पाठ केलं होतं. मनात नसताना माणूस पाप का करतो, कुणीतरी जबरदस्तीने ढकलल्यासारखा.

---

परिशिष्ट

बरोबर. तिसरा अध्याय, ३६ वा श्लोक. ‘अनिच्छन्नपि’ आणि ‘बलादिव नियोजितः’. त्यातला ‘इव’ मोलाचा आहे: ढकलल्या*सारखा*. अर्जुन ढकललं असं म्हणत नाही. दोष झटकायला वाव होता, त्याने घेतला नाही.

उत्तरात कृष्ण म्हणतो ‘काम एष क्रोध एष’, हा काम आहे, हा क्रोध आहे, आणि दोघांना मिळून एकच शत्रू मानतो, पुढे सगळं एकवचनात बोलतो. अनुस्वार, तुमचा अ‍ॅरिस्टॉटल काम आणि क्रोध यांना दोन रांगांत उभं करून एकाला जास्त गुण देतो. युधिष्ठिराच्या कबुलीत आधी ‘जिहीर्षन्’ आहे आणि मग ‘मन्यू’, दोन श्लोकांच्या अंतराने. हाव होती म्हणून डिवचता आलं. या एका बाबतीत मला गीता जास्त नेमकी वाटते, पण मी पक्षपाती आहे.

नळाची गोष्ट अजून कुणी काढली नाही याचं आश्चर्य वाटतं. तिथे तर जुगार सुटतो.

---

शून्यपहारा

काढणारच होतो, पण ती मला पटत नाही, म्हणून टाळत होतो. नळाच्या अंगात कली शिरतो, तो भावाशी खेळून सर्वस्व घालवतो. पुढे ऋतुपर्ण राजा त्याला अक्षहृदय शिकवतो, म्हणजे फाशांचं मर्म, गणनेची विद्या. बेहड्याच्या झाडाची पानं-फळं एका नजरेत मोजून दाखवतो. ती विद्या मिळताच कली बाहेर पडतो. सुंदर गोष्ट आहे. पण तिचा अर्थ झाला की गणित कळलं की व्यसन सुटतं. पुन्हा सॉक्रेटिस.

२००६ साली हे प्रत्यक्ष करून पाहिलं गेलंय. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना जुगाराचं गणित शिकवलं. त्यांची समज सुधारली, ‘आता माझी पाळी येणारच’ यासारखे भ्रम कमी झाले. जुगार खेळणं कमी झालं नाही.

ज्याचा उपयोग होताना मी पाहिलंय ते होमरच्या महाकाव्यातल्या ओडिसियसचं. खलाशांना गाण्याने मृत्यूकडे ओढणाऱ्या सायरनांचं गाणं ऐकू येणार, ते ऐकल्यावर मी शुद्धीत नसणार, म्हणून *आधीच* मला डोलकाठीला बांधा, आणि मी सोडा म्हटलं तर आणखी आवळा. कबुतरंसुद्धा हे शिकतात. १९७४ मध्ये एन्स्ली या संशोधकाने काही कबुतरांना एक कळ दिली होती, ती वेळेआधी टोचली तर पुढचा मोहाचा पर्यायच समोर येत नसे. सगळी नाही, पण काही कबुतरं ती टोचायला शिकली. युधिष्ठिराला ही कळ निरोप्या भेटायच्या आधी टोचायला हवी होती. वाटेत नाही. त्याचं दुर्दैव असं की त्याने स्वतःला आधीच बांधून घेतलं होतं, पण उलट्या बाजूने. ‘बोलावलं तर जाईनच’ असं.

---

काकपद

‘उलट्या बाजूने’ हे फार आवडलं. दोरखंड तोच, गाठ वेगळ्या खांबाला.

माझ्यापुरतं सांगायचं तर फोन आता रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असतो. पाच दिवसांत तीन रात्री तो तिथेच राहिला. चौथ्या रात्री पाणी प्यायला उठले आणि उभ्याउभ्याच सहा डाव खेळले. पाचव्या रात्रीचं विचारू नका.

तिघांना एकच रोग का, याचं माझं उत्तर आता ‘नाही’कडे झुकलंय, पण मी योजलेल्या कारणाने नाही. मला वाटत होतं फरक ज्ञानात असेल: कुणाला किती कळत होतं. तसा तो दिसत नाही, कळत सगळ्यांनाच होतं. फरक कुठून हाक येते त्यात आहे. वेदातल्याला फासेच हाक मारतात. अलेक्सेईला कुणी बोलावत नाही, तो स्वतःच्याच पावलांवर वळतो. युधिष्ठिराला माणसं बोलावतात, आणि कुठे टोचायचं ते त्यांना माहीत असतं. मला बहुधा १४१२ हा आकडा बोलावतो. अनुस्वार, हे वर्गीकरण अ‍ॅरिस्टॉटलच्या तोडीचं नाही, माहीत आहे.

---

अनुस्वार

वर्गीकरण वाईट नाही. पण ‘माहीत आहे’ हा शब्द जपून वापरा.

---

परिशिष्ट

नळाबद्दल एक राहिलं. ती गोष्ट महाभारतात कुणाला सांगितली जाते? अरण्यात, युधिष्ठिरालाच. बृहदश्व ऋषी सांगतात, आणि शेवटी त्यालाही अक्षहृदय शिकवतात. म्हणजे नळाला मिळालेलं औषध यालाही मिळालं. मग अज्ञातवासाचं वर्ष आल्यावर, कुठलंही सोंग घ्यायची मुभा असताना, हा कोणतं काम निवडतो? विराट राजाचा द्यूतातला सोबती. नाव कंक.

ताई, विराटपर्वाची प्रुफं आली की उत्तराच्या विजयाची बातमी येते तो प्रसंग बघा. विराट आनंदाने वेडा झालाय, म्हणतो सैरंध्री, फासे आण. कंक आधी म्हणतो की हर्षात असलेल्या जुगाऱ्याशी खेळू नये असं ऐकलंय. राजा ऐकत नाही. मग कंक त्याला द्यूताचे दोष सांगतो आणि उदाहरण देतो: राजा, तू पांडव युधिष्ठिर पाहिला असशील किंवा ऐकला असशील. तो राज्य हरला, भाऊ हरला, म्हणून मला द्यूत आवडत नाही.

आणि त्याच श्लोकांच्या ओघात पुढे: ‘अथवा’ तुझी इच्छा असेल, तर खेळू या.

खेळतात. थोड्याच वेळात चिडलेला विराट हातातला फासा त्याच्या तोंडावर फेकून मारतो, नाकातून रक्त येतं, जमिनीवर पडायच्या आत तो ते ओंजळीत धरतो आणि द्रौपदी ते भांड्यात घेते.

---

काकपद

स्वतःचंच उदाहरण देऊन, तिसऱ्या पुरुषात, आणि मग ‘अथवा’.

काका, एकच विचारते. तुमच्या प्रतीत ‘मला द्यूत आवडत नाही’ आणि ‘अथवा’ यांच्यामध्ये दंड, म्हणजे विरामाची उभी रेघ, आहे का? भाषांतरकार तिथे पूर्णविराम देतील, नवा परिच्छेदही करतील, मी ओळखते त्यांना. मला तिथे स्वल्पविराम सुचवायचा आहे.